राह्यला म्हणजे आयएनजी

सरांची ओळख व्हायच्या आधी त्यांच्या प्रश्नाची ओळख व्हायची. सेलूच्या बसस्टँडवर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही ते माणसासमोर येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काय करून राह्यला?"

नव्या माणसाला वाटायचं, भलताच चौकस दिसतो हा. तो आपला सांगायचा, "बसची वाट पाहून राह्यलो जी."

"वेटिंग! आय ॲम वेटिंग!" असं त्याच्या तोंडावर म्हणून सर पुढच्या माणसाकडे निघालेले असायचे. बस कोणती, माणूस कुठल्या गावचा, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. त्यांना फक्त क्रियापद पाहिजे असायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवत. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, त्यामुळे छातीवर कायम पांढरा डाग. एका जागी पाच मिनिटं थांबणं त्यांच्या अंगात नव्हतं. वर्गातली खुर्ची त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली, म्हणाले, "हे मधात येते." जेवताना अर्धी पोळी हातात घेऊन अंगणात फिरत. सिनेमाला गेले की मध्यंतरात उठून घरी येत आणि पुढचं काय झालं असेल ते स्वतःच ठरवून टाकत. गावातल्या गावात अकरा वर्षांत त्यांनी सात घरं बदलली होती. कारण विचारलं तर म्हणत, "खिडकीतून तेच ते दिसते ना बाप्पा."

सामान बांधायचं काम काकूंचं. काकू म्हणजे सरांची बायको. सातवीपर्यंत शिकलेल्या, ठेंगण्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्याकडे दोन डबे असे होते की चौथ्या घरापासून त्या ते उघडतच नव्हत्या. "कायले उघडा? पुढच्या घरी पाहू," म्हणायच्या. त्यात मूलबाळ नाही, त्यामुळे घरात या दोघांशिवाय कोणी नाही, आणि त्यातलाही एक सदा बाहेर.

मी त्यांच्या हाताखाली आले ती नापास होऊन. दहावीला सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला परत बसले, परत राहिलं. मला नर्स व्हायचं होतं. माझ्या आत्याचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा घरातले सगळे कावरेबावरे झालेले मी पाहिले होते, आणि त्या गोंधळात पांढऱ्या साडीतली एक बाई शांतपणे एकेकाला कामं सांगत होती. माझे बाबासुद्धा तिचं निमूट ऐकत होते. बाबा कुणाचं ऐकतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पण नर्सिंगला दहावी पास लागत होती.

आमचं किराण्याचं दुकान होतं. दुसऱ्यांदा नापास झाले त्या संध्याकाळी बाबा तराजू पुसत म्हणाले, "आखीन एक डाव बस. निघाली त ठीक. नाही त हिंगणघाटवाले थांबून राह्यले."

हिंगणघाटवाले म्हणजे मला पाहून गेलेलं स्थळ.

दुसऱ्या दिवशी मी सरांना रस्त्यातच गाठलं. त्यांना गाठायचं म्हणजे त्यांच्याबरोबर चालावं लागे. अर्ध्या गावाला वळसा घालेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं, रडले पण. सर ऐकत होते की नाही कोण जाणे. शेवटी थांबले आणि म्हणाले, "हिंगणघाटवाले काय करून राह्यले म्हणाली?"

"थांबून राह्यले."

"दे आर वेटिंग. पाह्य, आली तुले इंग्रजी. उद्या साहाले बसस्टँडवर येजो."

बसस्टँडवर, कारण तोवर सरांना दहावीचा वर्ग राहिला नव्हता. त्याला कारण एक तपासणी. ती मी डोळ्यांनी पाहिली नाही, पण माझा चुलतभाऊ त्या वर्गात बसला होता आणि त्याने ती इतक्यांदा सांगितली की मला पाठ आहे.

आमच्या पुस्तकात काळांचा तक्ता असे, बारा खणांचा. तो मला घडाघडा म्हणता येई. पाढ्यासारखा. वाक्य समोर आलं की मात्र सगळं पाणी. कारण पुस्तकातलं 'तो जात आहे' हे आमच्या घरी कोणी कधी म्हणतच नव्हतं. ते वाक्य मला मराठीतच परकं होतं, त्याचं इंग्रजी कुठून सुचणार? बाकीचे मास्तर आमच्या तोंडून 'जाऊन राह्यला' निघालं की टाळूवर टिचकी मारायचे. अशुद्ध! सर उलट म्हणायचे, "अबे, हे तर सोनं आहे. पुण्याच्या पोराले घोकावं लागते ते तुमी आईच्या दुधासंगं पिऊन आले. राह्यला दिसला की आयएनजी लावा. जाऊन राह्यला, इज गोइंग. जाऊन राह्यलता, वॉज गोइंग. जाऊन राह्यला असन, विल बी गोइंग. आन गेलता? हॅड गॉन. एका शब्दात आहे पाहा आपल्याकडं, इंग्रजाले दोन लागते."

'गेला' आणि 'गेला आहे' यातला फरक तक्त्यात कुठं लिहिलेला नव्हता. सर सांगायचे, "गेला म्हणजे गेला. झालं, संपलं. गेला आहे म्हणजे घरी त्याचं ताट झाकून ठेवलं आहे." हा फरक मी आजतागायत विसरले नाही.

तर त्या वर्गात तपासणीला साहेब आले. जाडजूड, घामेजलेले. मुख्याध्यापक मागं हात बांधून उभे. साहेबांनी एका मुलाला उभं केलं. "'पाहुणे आले तेव्हा दूध नासले होते.' याचं भाषांतर कर."

साहेबांच्या शुद्ध मराठीनंच तो मुलगा गारठला. सर मागून ओरडले, "अबे, नासलंतं!"

सगळा वर्ग एका दमात ओरडला, "हॅड!"

साहेबांनी चष्मा काढला. "ही कोणती भाषा?"

"याह्यची भाषा आहे सायेब," सर म्हणाले. "इंग्रजीच्या घरात शिराचं त आपल्याच दारातून निघा लागीन ना."

साहेबांनी चष्मा परत लावला. जाताना शाळेच्या शेरेबुकात इंग्रजीत शेरा लिहून गेले. शिक्षकाला विषयाचं ज्ञान आहे, पण भाषा ग्राम्य आहे, असं काहीसं. त्यात 'इज नोइंग' असं लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं, खिशातून लाल पेन काढलं, 'इज नोइंग' खोडलं, वर 'नोज' लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात टीप टाकली, की हे क्रियापद असं चालत नाही.

मुख्याध्यापक हादरून गेले. "अहो, हे काय केलं तुम्ही?"

"'मी जाणून राह्यलो' असं कोणी म्हणते का सांगा? नाई म्हणत. मंग सायेबच काऊन म्हणते?"

महिन्याभरात सरांचा दहावीचा वर्ग काढून घेतला. पाचवीचा हस्तव्यवसाय आणि मैदान त्यांच्याकडे आलं. मैदानाचं त्यांना काही वाटलं नाही, तिथं फिरायला मिळत होतं. पण दहावीची पोरं सुटली याचा सल त्यांना राहिला. कोणी नापास झालेलं दिसलं की ते हेरून ठेवायला लागले.

अशी आम्ही पाच नापास माणसं जमलो. तीन मुली, दोन मुलं. नोव्हेंबरातली थंडी. सकाळी सहाला बसस्टँडवरून निघायचं आणि वर्धा रोडनं नाल्यावरच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं. वही नाही, पेन्सिल नाही. दोन्ही बाजूला तुरी उभ्या, कापसाच्या शेतात बाया वाकलेल्या. सर पुढं, पण तोंड आमच्याकडं. म्हणजे ते उलटे चालायचे. उलटं चालत, हातवारे करत, एकेकावर वाक्य फेकत.

"ते बाई काय करून राह्यली?"

"कापूस वेचून राह्यली."

"काल याच टायमाले?"

"वेचून राह्यलती."

"आपण पुलावर जाऊन येऊ तवा?"

"वेचून झाली असन!"

"विल हॅव…?" आणि आम्ही धापा टाकत ते पूर्ण करायचं. मला नीट आठवतं, थांबून विचार करायला सवडच नसे. थांबलं की मागं पडलो. मला वाटतं, म्हणूनच भीती गेली. भीती वाटायला सुद्धा जरा बसावं लागतं.

आठ दिवस झाले नाहीत तोच गावात कुजबूज. तरण्या पोरी घेऊन हा माणूस सकाळी सकाळी रस्त्यानं कायले फिरतो? बाबा माझ्याशी बोलले नाहीत, पण आईला म्हणाले, "उद्यापासून बंद." आईनं जाऊन काकूंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सहाला बसस्टँडवर काकू हजर. अंगावर शाल, पायात सरांचे जुने बूट, हातात पिशवी. परत येताना त्या सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी घेऊन येत. कोणाला काही बोलायला जागाच उरली नाही.

काकू आमच्या दहा पावलं मागं चालायच्या. त्यांना समोरचा रस्ता दिसायचा, सरांना दिसत नसे. म्हणून त्या मागून ओरडायच्या, "गोटा!" सर न वळता डावीकडं सरकायचे. "बैलबंडी!" सर उजवीकडं. वाक्य मध्येच तुटत नसे. चार महिने एकदाही ते अडखळले नाहीत. आम्हाला त्याचं हसू यायचं. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

एकदा मी मागं पडले होते. सरांनी पुढं कोणाला तरी विचारलं, "मी यायच्या आधी तो जेवलता." कोणाला येईना. माझ्या मागून काकू पुटपुटल्या, "हॅड ईटन." आणि त्याच श्वासात मोठ्यानं, "खड्डा!"

सरांनी फक्त खड्डा ऐकला.

मी वळून पाहिलं तर काकूंनी शाल तोंडावर ओढून घेतली. दोन दिवसांनी त्या दुकानात आल्या. बाबा आत गेले तशा हळूच म्हणाल्या, "माह्यासाठी एक बाहेरून बसाचा फॉर्म आणजो. आन याह्यले सांगजो नको."

"काऊन जी काकू? सरांले किती आनंद होईन."

"म्हणूनच. आयकलं त मले शिकवाले लागतीन. घरात उभं नाही राहू देनार." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मले मागं चालून चालून येऊन राह्यलं ना. पुरे तेवढंच."

मी फॉर्म आणला, भरून दिला, फोटो काढायला त्यांच्याबरोबर गेले. बाकीचे विषय त्या माझ्या जुन्या पुस्तकांवरून, सर बाहेर गेले की करायच्या. सर बाहेरच असत, त्यामुळे वेळ भरपूर होता.

मार्चमध्ये परीक्षा. केंद्र वर्ध्याला. काकूंनी घरी सांगितलं, वर्ध्याजवळ बोरगावला बहीण आजारी आहे, आठ-दहा दिवस तिच्याकडे राहते. खोटं एवढंच की बहीण आजारी नव्हती. इंग्रजीच्या पेपराला आम्ही दोघी एकाच शाळेत, वेगवेगळ्या खोलीत होतो. माझी खिडकी रस्त्याकडं होती. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, बाहेर फाटकापाशी मला सर दिसले. आपली पाच पोरं कसा पेपर लिहितात या काळजीनं त्यांना राहवलं नव्हतं. ते शाळेला प्रदक्षिणा घालत होते. दर काही मिनिटांनी खिडकीसमोरून जायचे, परत यायचे. शिपायानं हटकलं तरी थांबेनात. मला पेपरापेक्षा दुसरीच धडकी भरली होती. काकूंना सांगायचं कसं?

सांगता आलं नाही. घंटा झाली, मी धावत बाहेर आले तेव्हा काकू पायऱ्या उतरत होत्या. हातात पट्टी, पेन, परीक्षेचं ओळखपत्र. आणि समोर सर.

बाजूनं पोरं ओरडत जात होती.

"तू इथं काय करून राह्यली?" सरांनी विचारलं. यावेळी त्यांना क्रियापद नको होतं.

"पेपर देऊन राह्यलती. दिला."

"मले काऊन नाही सांगितलं?"

काकूंनी ओळखपत्र पिशवीत ठेवलं. "कवा सांगा? वीस वर्सं झाले, तुमी बसले कवा माह्याजवळ?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. आणि वळून चालायला लागले. बसस्टँडकडं नाही, सरळ नागपूर रोडनं, सेलूकडं. म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर.

काकू बोरगावला जाणार होत्या, पण दीड तासानं सेलूची बस आली तेव्हा त्या माझ्याबरोबर तीत चढल्या. खिडकीशी बसल्या. पवनार मागं टाकलं तसे सर रस्त्याच्या कडेनं दिसले. उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून, समोर पाहून भराभर चाललेले. काकू उठल्या. "थांबवा जी, मले उतराचं आहे." कंडक्टर कुरकुरला, इथं थांबा नाही म्हणाला. काकूंनी स्वतःच दोरी ओढून घंटी वाजवली. मी मागच्या काचेतून पाहत होते. सर थांबले नाहीत. काकू मागून चालत होत्या, दहा पावलं अंतर ठेवून. मग बस वळली. पुढं त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मला इंग्रजीत अडतीस. काकूंना एक्कावन्न, पण गणित गेलं. सर बसस्टँडवर भेटेल त्याला सांगत सुटले, "फिफ्टीवन! माह्या हाताखाली फक्त अडतीसवाले!" मला राग आला नाही. पुढच्या वर्षी गणितही निघालं. काकूंना बहिणीच्या बोरगावातल्याच एका बालवाडीत नोकरी लागली आणि आठवं घर बदललं ते काकूंच्या नोकरीसाठी. सर रोज बसनं सेलूला जाऊ लागले. हिंगणघाटवाले मात्र दुसरीकडं जमवून मोकळे झाले होते.

मी नर्सिंग करून वर्ध्याच्याच एका दवाखान्यात लागले. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. एका दुपारी चार पोरं एका माणसाला बाजेवर घालून घेऊन आली. सर होते. बोरगावलाही त्यांनी नापास पोरं जमवलीच होती. त्यांच्यापुढं उलटे चालत असताना उघड्या नालीत पडले. मांडीचं हाड वर, कमरेपाशीच मोडलं होतं. काकू तेव्हा बालवाडीत होत्या. मागून ओरडायला कोणी नव्हतं.

नातेवाईक जमले. सरांची वहिनी काकूंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "नोकरी नसती त हे झालं नसतं." काकूंनी सरांच्या अंगावरची चादर सारखी केली. सरांच्या पायाला वजन बांधलं होतं, हलता येत नव्हतं, आणि तीन दिवसांत त्यांनी कोणाला काही विचारलं नव्हतं. भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. एवढ्या धडपड्या माणसाचं ते पडून राहणं मला बघवत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी तरुण डॉक्टर घाईत आले. छापील कागद काकूंपुढं धरला. "आई, इथं सही करा."

काकूंनी चष्मा लावला, कागद घेतला आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. इंग्रजी कागद. डॉक्टर घड्याळ पाहायला लागले. मला लाज वाटली, आज त्या लाजेची लाज वाटते. मी म्हणाले, "काकू, करून टाका. सगळेच करतात."

त्यांनी मान वर केली नाही. एका ओळीवर बोट थांबलं. "हॅज बीन एक्सप्लेन्ड टु मी," त्यांनी सावकाश वाचलं. "समजावून झालं आहे, असं लिवलं आहे इथं. कोनं समजावलं? कवा?"

"ती लिहायची पद्धत असते, आई."

"मंग 'विल बी' लिवा. नाही त आधी समजावा, मंग सही."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. दहा-बारा मिनिटं बोलले. हाडात खिळा बसवावा लागेल, पाय थोडा आखूड राहू शकतो, वय आणि साखर पाहता धोका आहे, काठी कायमची लागेल. काकूंनी दोन-तीन प्रश्न विचारले, नेमके. साखरेनं धोका वाढतो हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं. सरांना साखरेची कोणती औषधं सुरू आहेत ते काकूंनी सांगितलं, डॉक्टरांनी लिहून घेतलं.

पुढं सर कितीतरी वर्षं काठी टेकत, समोर पाहत चालले, हे मला आज माहीत आहे. त्या दुपारी कोणालाच माहीत नव्हतं.

काकूंनी खुर्ची सरांच्या उशाशी ओढली. "आयका," म्हणाल्या, आणि कागदातली एकेक ओळ इंग्रजीत वाचून खाली वऱ्हाडीत सांगू लागल्या. दोन-तीन ठिकाणी उच्चार चुकले. सरांनी दुरुस्त केले नाहीत. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. डोळे भरलेले होते.

"मी चालन का वं?"

"चालसान. हळू."

"सही तू कर. मले आता काही समजत नाही, भेव वाटते."

"मलेही वाटते," काकू म्हणाल्या. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, शाईवर फुंकर मारली आणि कागद डॉक्टरांना दिला. मी स्ट्रेचर पलंगाला लावलं.